अर्धी वडी

चौदा किलो सातशे.
स्वेटर काढून, चप्पल काढून, पुन्हा एकदा:
चौदा किलो सातशे.
सहा वर्षांच्या मुलीला हे कमीच.
म्हणून तर लोहाडे सर आज आत दुर्बीण घालून बघणार,
गव्हाचं आणि तिच्या आतड्याचं कुठं बिनसलंय ते.
मला हा आकडा निराळ्या कामाला लागतो.
माझं सगळं औषध किलोवर.

जानेवारी. मुंबई नाक्याचा पूल अजून धुक्यात.
बेंडकुळे मंडळी वणीहून पहाटेच्या एसटीनं आलीत,
जुईला मफलरमध्ये गुंडाळून, मागे थोरली तेजल.

काही खाल्लंय का?
आई म्हणते, नाही.
वडील म्हणतात, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.
(पाणी चाललं असतं. काल फोनवर दोनदा सांगितलं होतं.)
तिसऱ्यांदा विचारते ते गुडघ्यावर बसून,
कारण खरं उत्तर बहुतेक वेळा
टेबलाच्या उंचीखाली सापडतं.

तेजल, वय नऊ, भिंतीवरच्या जिराफाकडं बघत:
"मी दिली. राजगिऱ्याची वडी. अर्धी.
दिंडोरी गेल्यावर. ती रडत होती ना."

म्हणजे सहा वाजता.
वडिलांचा हात उठतो, आणि माझ्याकडं बघून खिशात जातो.
"अर्धीच तर होती मॅडम. आजचा खाडा झालाय माझा."

अर्धी पुरते.
झोपलेल्या घशाला राखणदार नसतो.
पोटातलं वर आलं की वाट चुकतं,
छातीत उतरतं.
साडेबारा, मी म्हणते. त्याआधी नाही.
दहा वाजता साखरपाणी द्या, मग तेही बंद.

माझ्या दारावर पाटी आहे, भूलतज्ज्ञ.
आमच्या भाषेनं औषधाला आणि चुकीला
एकच शब्द दिला,
आणि मला रोज त्या दोघांच्या मधोमध उभं केलं.

साडेबारा.
तिचं बोट बर्फासारखं. यंत्राला थंड बोट वाचता येत नाही,
पडद्यावर नुसती वेडीवाकडी रेघ.
मी दोन्ही तळव्यांत धरते, फुंकर घालते,
मडकेबाई म्हणतात, मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?
हळूहळू आकडा येतो. नव्व्याण्णव.
टिक. टिक. टिक.

सिरिंजमधलं पांढरं बघून जुई विचारते,
"दूध हाताला का देता?"
सकाळपासून उपाशी पोर.
उत्तर सुचेपर्यंत
पापण्या मिटलेल्या असतात.

आई दारातून विचारते, उठेल ना?
मी हो म्हणते. आणि मग अकरा मिनिटं
त्या हो चं देणं फेडत बसते.

सर पडद्याकडं बघतात, मी छातीकडं.
सर सांगतात, इथून तुकडा घेतो. मी श्वास मोजते.
सातव्या मिनिटाला टिकटिक
एक सूर खाली येते. अजून एक.
चौऱ्याण्णव. एक्याण्णव.
मी काही बोलत नाही, बोटांनी हनुवटी वर उचलते,
अगदी थोडीशी, झोपलेल्याची उशी सारखी करावी तशी,
प्राणवायू वाढवते.
सर, थांबा.
सर थांबतात. (थांबणारे सर्जन मी मोजून ठेवलेत.)
त्र्याण्णव.
सत्त्याण्णव.
घ्या आता.

नंतरची वाट फार लांब असते, आणि तिचं बिल होत नाही.
कुशीवर वळवलेलं अंग, बोटाला अजून चिमटा,
मी स्टुलावर, पाय आखडलेले,
बाहेर द्वारकेकडं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न.
ती हुंकार देते. ती रडते. आईला लाथ मारते.
हे सगळं मी तक्त्यावर लिहिते, वेळेसकट,
लाथेची तर ठळक.

तेजल आत येते, भिंतीला घासत.
मूठ उघडते. वर्तमानपत्राच्या कागदात
सकाळची उरलेली अर्धी,
घामानं चिकट झालेली.
दिवसभर तिनंही खाल्लेली नाही.

"आता?"

मी घड्याळ बघते. जुई जिराफ ओळखते,
स्वतःचं नाव सांगते, तेजलचंही, रागानं.

आधी दोन घोट पाणी, मी म्हणते.
मग थांबू या. मग बघू.